पाखरठाण पाचव्यांदा ओस पडलं

१

सोमवारी सकाळी शेजारच्या घरातून रडण्याचा आवाज आला तेव्हा वनाआबा अंगणात दाढी करत बसले होते. लोटननाना गेले, असंच त्यांना वाटलं. अर्ध्या गालावरचा साबण तसाच ठेवून ते धावले.

नाना गेले नव्हते. पलंगावर उशीला टेकून बसले होते. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू आणि वाचा, दोन्ही हिरावून नेल्याला वर्ष होत आलं होतं. पण डोळे जागे होते. रडत होत्या त्या त्यांच्या पत्नी, यशोदाबाई. मागच्या लांब खोलीच्या दारात त्या चौकट धरून उभ्या होत्या.

"माणसं गेली हो आबा," त्या म्हणाल्या. "एकही राहिलं नाही."

वनाआबांनी आत पाहिलं.

त्या खोलीत एक शहर होतं. लोटननाना देवपुरातल्या शाळेत चित्रकला शिकवायचे. शाळा सुटली की उरलेलं सगळं आयुष्य त्यांनी या खोलीत घातलं. कमरेइतक्या उंच लाकडी ओट्यावर, भिंतीपासून भिंतीपर्यंत, मातीचं आणि लाकडाचं शहर: बुरूज, वेशी, विहिरी, चौक, घरं आणि मधोमध कोरडी पडलेली नदी, म्हणजे ओट्यात सोडलेली एका माणसापुरती मोकळी वाट. नाव पाखरठाण. जगात कुठे नव्हतं. फक्त इथे होतं. त्यात बोटाएवढी मातीची माणसं राहायची, आणि त्या माणसांना देवपुरातल्याच खऱ्या माणसांचे चेहरे होते. कोण पाणी भरतंय, कोण भांडतंय, कोण नुसतंच ओट्यावर बसलंय.

आता गल्ल्या मोकळ्या होत्या. घरं जागच्या जागी, बैल गोठ्यात. माणूस मात्र औषधालाही नव्हता.

वनाआबांची नजर सरळ पश्चिमेच्या विहिरीवर गेली. तिथे भिकुबाई उभी असायची, हातात दोर, पदर खोचलेला, मान जराशी वळलेली. भिकुबाई म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. ती फोटो काढू द्यायची नाही, नजर लागते म्हणायची. त्यामुळे घरात तिचा फोटो नव्हताच. नानांनी आठवणीतून तिला घडवलं होतं. दर रविवारी वनाआबा इथे येत. लोकांना वाटे, म्हातारा शहर बघायला येतो.

विहिरीवर आता कोणी नव्हतं.

"परवा पुण्याचा ट्रक यायचाय," मागून भाईदास म्हणाला. नानांचा हा एकुलता मुलगा. वडील आजारी पडले म्हणून नाशिकची नोकरी सोडून परत आला होता. "संग्रहालयवाल्यांना काय सांगू? पोलिसांत गेलो तर हसतील. मातीची बाहुली चोरीला गेली म्हणून कोण तक्रार लिहून घेणार?"

"पोलिसांत जाऊ नकोस," वनाआबा म्हणाले. तीस वर्षं पोलीस खात्यात जमादारी करून ते निवृत्त झाले होते. "मी बघतो."

मग ते खाली वाकले आणि थबकले. शहर पूर्ण ओस नव्हतं. सगळ्यांत उंच बुरुजावर एक माणूस अजून बसून होता. हातात कुंचला घेतलेला, उघड्या डोक्याचा.

चोराने सगळ्यांना नेलं होतं आणि एकट्या नानांना मागे ठेवलं होतं.

२

पाखरठाण ओस पडायची ही पहिली वेळ नव्हती. बोलता येत होतं तोवर नाना दर रविवारी त्याचा इतिहास सांगत, आणि वनाआबांना तो पाठ होता.

संध्याकाळी पाखरं जिथे उतरली तिथे माणसं उतरली, म्हणून पाखरठाण. तेव्हा नदी गावातून वाहायची. मग ती हळूहळू लांब सरकली. एक दिवस लोक म्हणाले, चला, तिला परत आणू. सगळे तिच्यामागे गेले आणि गाव ओस पडलं. त्यांची नातवंडं परत आली. त्यांनी विहिरी खणल्या, इतक्या खोल की आत पूर्वजांचे आवाज ऐकू येत. लोक विहिरींवर ओणवे होऊन ऐकत बसले, पेरणी राहिली, चुली थंडावल्या. शेवटी म्हातारे म्हणाले, ऐकणं पुरे, आता निघा. तिसऱ्यांदा विणकर आले. उन्हाने हैराण होऊन त्यांनी अख्ख्या शहरावर कापड ताणलं. पोरं सूर्य न बघताच मोठी होऊ लागली, तेव्हा त्यांना सूर्य दाखवायला आया-बाप गाव सोडून गेले. चौथ्या वेळी एक राजा होता. त्याचा शहरावर इतका जीव, की कोणी जाऊ नये म्हणून त्याने वेशी बंद केल्या. "आणि वेशी बंद झाल्या त्या दिवसापासून," नाना आवाज खाली आणत, "कधी घराबाहेर न पडलेल्या माणसांनाही बाहेरची आठवण यायला लागली."

दर वेळी जाताना लोक दारं उघडी टाकत आणि दिवे पालथे घालत. पालथा दिवा म्हणजे आम्ही निघालोय, संपलो नाही.

वनाआबांनी पुन्हा शहराकडे पाहिलं. घरोघरची दारं सताड उघडी होती. वेशीजवळचे चिमुकले दिवे पालथे घातलेले होते.

"हा चोर गोष्ट ऐकून आलेला आहे," ते पुटपुटले.

दुपारी ते तोताराम सरांकडे गेले. कॉलेजात इतिहास शिकवणारे हे गृहस्थ; पुण्याच्या संग्रहालयाशी बोलणं त्यांनीच जुळवलं होतं.

"खरं सांगू जमादार?" सर चष्मा पुसत म्हणाले. "मला ती माणसं नकोच होती. शहराची रचना अप्रतिम आहे. पण माणसं! बुरुजाखाली पोस्टमन, चौकात सोडावॉटरची गाडी. काळाचा मेळ नाही. मी भाईदासला म्हटलंही होतं, माणसं काढून ठेवा. काचेच्या पेटीत नुसती वास्तू उठून दिसेल."

"मग काढली तुम्ही?"

"काढायची असती तर खोक्यात भरून चिठ्ठी लावली असती. दारं कशाला उघडत बसेन?" सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "आणि खरं म्हणजे, आता नुसतं शहर पाहिलं ना, तर आत जायला नको वाटतं. मी चुकलोच असेन कदाचित."

खोटं बोलणारा माणूस आपल्यावरचा संशय असा स्वतःच वाढवत नाही. वनाआबा उठले. पण दारात त्यांना सरांनी हाक मारली.

"त्या खोलीची दुसरी किल्ली कोणाकडे असते, माहीत आहे ना? हाशमकडे. आणि पुण्यात लागणाऱ्या पाटीवर हाशमचं नाव नाही, हे त्याला परवाच कळलंय."

३

हाशम सुताराचं दुकान पांझरा नदीच्या पलीकडे होतं. पाखरठाणचं प्रत्येक दार, प्रत्येक खिडकी त्याने केली होती. रंधा बाजूला ठेवून त्याने वनाआबांना स्टूल दिलं.

"पाटीचं म्हणता? वाईट वाटलं, जमादार साहेब. का नाही वाटणार? पण मास्तरांना बोलता येत असतं तर त्यांनी त्या तोताराम सरांना धारेवर धरलं असतं. मी मास्तरांवर राग धरू?"

"किल्ली आहे तुझ्याकडे."

"ही घ्या." त्याने खिळ्यावरची किल्ली काढून दिली. मग हळूच विचारलं, "सगळीच गेली? ती फुगड्या घालणाऱ्या पोरींतली डावीकडची पण?"

"ती कोण?"

"मदिना. माझी. सुरतेला दिली, चार वर्षांत एकदा आली. बिजागरीला तेल द्यायच्या निमित्ताने मी जायचो, तिला बघून यायचो."

वनाआबांनी किल्ली खिशात टाकली. विहिरीकडे बघायला आपणही जात होतो, हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

हाशम त्यांच्यासोबत आला. ओट्याच्या कडेकडेने फिरत त्याने दारं बघितली. "एकही बिजागरी मोडली नाही. माझी बोटं घालून मी इतकी दारं उघडली असती, तर निम्मी निखळली असती. बारीक बोटांचं काम आहे. आणि घाईचं नाही."

वनाआबा घरांच्या आत डोकावत होते. प्रत्येक घरात नानांनी एक जातं ठेवलं होतं, हरभऱ्याच्या डाळीएवढं. आज प्रत्येक जात्याची वरची तळी काढून पालथी ठेवलेली होती.

"हाशम, गोष्टीत जात्याचं काय आहे?"

"जात्याचं? काही नाही. दारं उघडायची, दिवे पालथे घालायचे. जात्याबद्दल मास्तर कधी बोलले नाहीत."

"मग ही कोणी पालथी घातली?"

हाशमने खांदे उडवले. वनाआबा मात्र एका जागी खिळले. दुसरीच गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती. जाती सगळ्या घरांत पालथी होती, पार नदीच्या पात्रालगतच्या घरांतसुद्धा. दिवे मात्र फक्त खोलीच्या दारापाशी, ओट्याच्या कडेच्या एकाच गल्लीत पालथे होते. आतल्या वस्तीतले दिवे सरळ उभे होते.

जाती उलटवणाऱ्याने दिव्यांना हात लावला नव्हता. दिवे उलटवणाऱ्याचा हात पुढे पोचत नव्हता.

४

घसा कोरडा पडला म्हणून ते स्वयंपाकघरात गेले. यशोदाबाईंनी तांब्या पुढे केला. पाणी पिता पिता वनाआबांची नजर कोपऱ्यात गेली आणि तांब्या तसाच हातात राहिला.

कोपऱ्यातलं मोठं जातं. त्याची वरची तळी काढून पालथी ठेवलेली.

"वहिनी, हे कोणी केलं?"

"ते होय? वन्संनी. धुरपदाबाई हो, ह्यांच्या मोठ्या बहीण, असोद्याला दिलेल्या. भावाला बघायला आल्या होत्या, आज पहाटेच्या गाडीने गेल्या. माहेराहून निघाल्या की असंच करून जातात, लग्न झाल्यापासून. म्हणे, मी येईपर्यंत कोणी दळू नका. मी लगेच सरळ करून ठेवते, आज या गोंधळात राहिलं."

"काल माझं येणं झालं नाही. तुम्ही घरी होता?"

"मी आणि भाईदास शिरपूरला लग्नाला गेलो होतो. वन्सं म्हणाल्या, मी बसते लोटनपाशी."

भाईदास दारात येऊन ऐकत होता. त्याचा चेहरा उतरला. "आबा, आत्या येताना केळी घेऊन आली होती. टोपलीत, केळीच्या खोडाच्या सुक्या सोपटांत गुंडाळून. जाताना टोपली मीच उचलली आणि एस.टी.त ठेवली. आत सोपटंच दिसत होती. जड लागली, तर मला वाटलं आईने डाळ दिली असेल."

"म्हणजे अख्खं पाखरठाण तू स्वतःच्या हाताने गाडीत बसवून दिलंस," वनाआबा म्हणाले.

भाईदास संतापला. "आत्याने? चोरी? आणि नानांना एकटं सोडून ती त्या खोलीत..."

"एकटं सोडलंच नाही. चल."

नानांच्या पलंगाशेजारी लाकडी खुर्ची होती. वनाआबांनी ती उचलून मागच्या खोलीत नेली, पालथ्या दिव्यांच्या गल्लीजवळ ठेवली, तिच्यात बसले आणि उजवा हात मांडीवर टाकला. डावा हात लांब केला. बोटं बरोबर शेवटच्या पालथ्या दिव्याला टेकली. त्याच्या पुढचा दिवा उभा होता.

"नदीच्या पात्रात उभं राहून नाना काम करायचे. तिथून माणसाचा हात सगळीकडे पोचतो. धुरपदाबाई तिथे उभ्या राहिल्या. पण खुर्ची पात्रात मावत नाही. धुरपदाबाईंना शहर त्यांच्या रीतीने रिकामं करायचं होतं, जाती पालथी घालून. आणि खुर्चीत बसलेल्याला आपल्या रीतीने. काल इथे दोघं होती, भाईदास. दुसरे तुझे वडील होते."

ते नानांसमोर आले. कोनाड्यातली पणती घेऊन त्यांनी नानांच्या डाव्या हाताजवळ ठेवली, काही न बोलता. नानांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग हळूच त्यांनी ती पालथी घातली. तोंडाची डावी बाजू हसली.

भाईदास ताठ उभा राहिला. "मला का नाही सांगितलं?" तो वडिलांना म्हणाला. पण उत्तर देणारी जीभ आता असोद्याला होती.

५

दुसऱ्या दिवशी जळगावला उतरून ते दोघं असोद्याची गाडी धरून गेले. धुरपदाबाई अंगणात शेवया वाळत घालत होत्या. काटक, उंच बाई. दोघांना बघून त्यांनी हात पदराला पुसले.

"ये रे भाईदास. तू येशी हाई माले माहीत व्हतं. जमादारले संगे आनशी आसं नही वाटनं. माले धरीसन नेवाले उनात का भाऊ?"

"नाही आक्का," वनाआबा म्हणाले. "विचारायला आलोय."

"आत्या, सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का?" भाईदास म्हणाला.

"हो," त्या म्हणाल्या.

त्यांनी दोघांना गोठ्यात नेलं. बैल विकून झाले होते, गोठा शेणाने सारवलेला होता. लांबलचक गव्हाणीत सुक्या केळीच्या सोपटांवर माणसं बसली होती. पोस्टमन, सोडावॉटरवाला, फुगड्या थांबवून दम खाणाऱ्या पोरी. घरं नव्हती, विहिरी नव्हत्या. चालून चालून वाटेत मुक्काम टाकावा, तशी ती टेकली होती.

"आमी ल्हानपने शिरपूरकडे ऱ्हावूत," धुरपदाबाई गव्हाणीच्या काठावर हात ठेवून म्हणाल्या. "माय पहाटले उठाडे. मी दळू, नि लोटन मनी मांडीवर डोकं ठीसन पडे. जातं घरघर करे. तो इचारे, आक्का, हाऊ आवाज कसाना शे? मी म्हनू, पाखरठाणना लोके निंघनात रे, त्यासना गाडा वाजी ऱ्हायनात. तो इचारे, कोठे चालनात? मी रोज नवं सांगू. दळन सरनं का जातं पालथं करू, का गाडा थांबनात, लोके मुक्कामले पोचनात."

वनाआबा ऐकत राहिले. एवढी वर्षं ज्या शहराचा इतिहास त्यांना पाठ होता, त्याचा उगम एका पोरीच्या जात्यात होता.

"मंग मनं लगीन व्हयनं, मी आठे उनू. पाखरठाण तठेच ऱ्हायनं. लोटननी त्याले वेशी दिध्यात, राजा दिधा, दिवा दिधा. मी दर साले जाऊ नि देखू. जातं तो दर घरमा ठेवे, पन त्यानी गोष्ट कोनले सांगे नही. ती आमनी दोन्हीनी."

"आणि रविवारी?"

"भाईदास नि त्यानी माय लगीनले गयात नि लोटननी डावा हात करीसन खोली दाखाडी. मी त्याले खुर्चीवर बसाडं नि वढत लई गऊ. त्यानी एक दिवा पालथा करा नि मनाकडे देखं." त्यांनी पोस्टमनखालचं सोपट नीट केलं. "पुण्याले काचनी पेटीमा लोके बसतीन, नि वरतून कुलूप. हाऊ राजा कोन शे, हाई माले इचारानं नही पडनं. मंग आमी दोन्ही लागनूत. दुपार कशी गयी समजनं नही. बठ्ठा लोके टोपलीमा बसाडात. त्यानं सोतानं मानूस मी हातमा लिधं, त त्यानी थांबाडं. मुंडी हालाडी. मी नंतर यीसू, आसं."

भाईदास गव्हाणीशी वाकला होता. एकेक चेहरा बघत तो पुढे सरकत होता. वनाआबांना कळलं, तो काय शोधतोय. आणि हेही कळलं, की त्याने आजवर कधी शोधलं नव्हतं.

"मी यात नव्हतोच ना?" शेवटी तो म्हणाला. "मला त्या खोलीत कधी थांबवलं नाही त्यांनी. मीही थांबलो नाही."

धुरपदाबाईंनी टोकाचं एक माणूस उचलून त्याच्या तळहातावर ठेवलं. सायकल धरून उभा असलेला तरुण. कपाळावर भाईदासचीच आठी.

"वेशीबाहेर व्हता तू. बठ्ठास्ना मोरे. तठे कोनी वाकीसन देखे नही."

"बाहेर जात होतो?"

"जाई ऱ्हायना का यी ऱ्हायना, हाई लोटननी माले कधी सांगं नही."

भाईदासने मूठ हलकेच मिटली. मग म्हणाला, "वाळवी लागली होती आत्या, ओट्याला. मला वाटलं, पुण्याला गेलं तर टिकेल. मला फक्त ते टिकायला हवं होतं."

"शहर ने ना बापा. शहरले कोन नही म्हनस?"

६

ट्रक आला आणि शहर घेऊन गेला. तोताराम सरांनी पाटी बदलून घेतली. हाशमचं नाव त्यांनी स्वतः पुण्याला कळवलं, आणि खाली एक ओळ घातली: 'पाखरठाण, सध्या ओस.' संग्रहालयवाल्यांना ती फार आवडली म्हणे. बुरुजावरचा कुंचलेवाला मात्र त्यात गेला नाही. भाईदासने त्याला आदल्या दिवशीच उतरवून घेतलं होतं.

पुढच्या आठवड्यात त्याने नानांना जीपमध्ये घालून असोद्याला आणलं. वनाआबाही सोबत आले, दुपारच्या गाडीने एकटे परतायचं ठरवून. येताना त्यांनी मनाशी ठरवलं होतं, भिकुबाईला मागून घ्यायचं. नाही कोण म्हणणार होतं? घरी देवळीत ठेवता आलं असतं. रविवारपर्यंत थांबायची गरज उरली नसती.

गोठ्यात खाट टाकून नानांना बसवलं. धुरपदाबाईंनी मातीचा गोळा भिजवून त्यांच्या डाव्या हातात दिला. वनाआबा गव्हाणीवर वाकले. भिकुबाई सापडेना. विहिरीच्या काठावर एकटी बघायची त्यांना सवय होती. इथे ती चार बायकांच्या घोळक्यात होती. जराशी वळलेली ती मान आता शेजारणीकडे वळलेली दिसत होती. काहीतरी सांगता सांगता थांबल्यासारखी.

त्यांनी तिला उचललं. हात खिशापर्यंत गेला.

"हाई तुमनी घरवाली ना?" धुरपदाबाई म्हणाल्या. त्या ओल्या मातीची भिंत थापत होत्या. गव्हाणीच्या टोकाला पहिलं घर उभं राहत होतं. "आते सहाव्यांदा गाव बसाडतस आमी. हिले कसं घर करू? काय आवडे हिले?"

वनाआबांचा हात खिशापासून मागे आला. आयुष्यभर चोरा-चिलटांना प्रश्न विचारले. हा प्रश्न बायकोला कधी विचारला नव्हता. पोलीस लाइनीतल्या ज्या खोल्या मिळाल्या, त्यात ती राहिली.

नाना त्यांच्याकडे बघत होते, हातातली माती तशीच धरून.

"तिला," वनाआबा म्हणाले आणि थांबले. मग त्यांनी भिकुबाईला होती तिथे, त्या बायकांत परत ठेवलं. "तिला उंबरा उंच नको असायचा. गुडघे दुखायचे तिचे. कधी बोलायची नाही, पण उंबरा आला की भिंतीला हात लावायची. आणि स्वयंपाक करताना बाहेरचं दिसलं पाहिजे. शहाद्याच्या लाइनीत असताना चुलीसमोर खिडकी होती, तिथेच ती गाणं म्हणायची. एकच गाणं. शब्द चुकवायची, आणि मी हसलो की मुद्दाम पुन्हा तेच चुकवायची."

"मंग खिडकी चूलना मोरे," धुरपदाबाई म्हणाल्या आणि ओल्या भिंतीत त्यांनी अंगठा दाबून भोक पाडलं.

वनाआबा मांडी घालून खाली बसले. बाहेर जळगावला जाणारी दुपारची गाडी भोंगा वाजवत वेशीवर थांबली. भाईदासने त्यांच्याकडे पाहिलं. पण ते गाण्याचे चुकीचे शब्द आठवत होते, आणि ते एकेक करून येत होते.